शिमग्याला येतील म्हणे

मंगळ., ७ ऑक्टो.
आज आक्काच्या अंगात देवी आली. माझी थोरली जाऊ, एरवी मालिका लागली की चहासुद्धा न विचारणारी बाई. केस सुटलेले, धुपाचा धूर. मला म्हणाली, "तुजा धनी पान्याच्या काठाला हाय बये. पांढऱ्या सदऱ्यात. शिमग्याला येतोय. लेकीच्या अक्षता बापाच्या हातनं पडू दे."
ह्यांना जाऊन चौथं वर्ष. कामावर जातो म्हणून गेले ते परतलेच नाहीत. तिथंच ढसाढसा रडले. सासूबाईंनी आक्काची ओटी भरली.

गुरु., ९
पूजाला फोनवर सांगितलं. हिंजवडीत नोकरी, असलं काही पटत नाही तिला. "आई, मुलाकडच्यांना लग्न मार्गशीर्षातच हवंय. शिमग्यापर्यंत नाही थांबणार ते. आणि पप्पा आलेच नाहीत तर?"


शनि., ११
लवळ्याच्या कॉलेजातल्या पोरांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटत होते, एकदम आठवलं. पाण्याचा काठ, पांढरा सदरा... हे तर माझं स्वप्न! श्रावणात धुणं धुताना मीच आक्काला सांगितलेलं. पोळी करपली.
आक्का खोटं बोलायची नाही. तिच्या लक्षातही नसेल. की देवीनंच आधी माझ्या स्वप्नात येऊन...? असंही असेल की! मी पण काय एकेक शोधून काढते.
कुणाचं का असेना, मला ते बोलणं हवंय. ह्यांचा पहाटेचा खोकलासुद्धा हवाय.

मंगळ., १४
भैरवनाथाला कौल लावायला गेले. देवाला दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. देवीचं बोलणं खरं का, एवढंच विचारायचं होतं. गुरवमामांनी फुलं भिजवली आणि थांबले.
"डावं पडलं तर मानशील का?"
मी फुलांकडेच बघत राहिले.
"मंग कशापायी इचारतीस? देवाकडनं व्हय म्हनून घ्यायला आलीस व्हय?"
इतका राग आला! तशीच उठून आले. वाटेत राग गेला, रडू उरलं.

रवि., २६
दिवाळी सरली. पूजा आज गेली. एसटीत चढताना म्हणाली, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मला लटकवून ठेवू नको गं." खरं आहे पोरीचं. भात कापणीला आलाय, तेही कुणाला तरी सांगायला हवं. हे असते तर...

मंगळ., २८
पुन्हा गेले. म्हटलं, मामा, मानीन. लावा फुलं.
बराच वेळ काहीच नाही. मग डावं पडलं.
मामांनी हातावर अंगारा ठेवला.
घरी सासूबाई उंबऱ्यातच बसलेल्या. "काय दिलं गं देवानं? येतोय न्हवं माजा?"
"उजवं दिलं," म्हणाले. "येतायत."
त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. आक्का भाजी निवडत होती, तिनं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. बहुतेक ओळखलं.
ठरवून नाही बोलले मी. तोंडातून आलं. आक्काचंही असंच येत असेल का?
पूजाचा फोन वाजून गेला, उचलला नाही. तिला कुठलं फूल सांगू? "येतायत" म्हणताना मला ते खरंच वाटलं होतं.