चव्वेचाळीस मुलगे, तेहतीस मुली

कोल्हापूर
रविवार, २७ सप्टेंबर २०२६
क्षमावाणी

ति. अक्कास,
रत्नमालेचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

पर्युषण पर्वातले दहा दिवस एकवेळ जेवून तुला काही त्रास झाला नाही असं परवा फोनवर म्हणालीस, पण आवाज तसं म्हणत नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी हे कोणाला दाखवायला करतेस? सांगून उपयोग नाही, माहीत आहे. इकडे आम्ही ठीक. यांची शुगर वाढली आहे आणि जीभ ताब्यात नाही. सम्मेद शिरोलीच्या कारखान्यात बारा-बारा तास मशीनवर असतो. माझ्या नोकरीचे आता आठ महिने राहिले.

तुझी खोली तयार आहे. दिवाळीनंतर तू कायमची येणार म्हणून यांनी जिन्याला कठडा बसवून घेतला, न्हाणीत धरायला दांडी लावली. दाजी गेल्यापासून तू त्या नदीकाठच्या घरात एकटी. पाणी चढलं की गठुडं बांधून शाळेत जाऊन राहायचं, आणि उतरलं की एकटीने चिखल काढायचा. हे पुरे झालं, असं मीच तुला म्हणाले होते. चार महिने नाही-नाही करून जूनमध्ये तू हो म्हणालीस. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मी टाळते आहे.

माझं लग्न झाल्यापासून आजच्या दिवशी आपण एकमेकींना पत्र लिहितो. घरोघरी फोन आले तरी तू सोडलं नाहीस, म्हणून मीही सोडलं नाही. आणि वाक्य दोघींचं एकच, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. यंदा ते वाक्य मी लिहिणार नाही. हे पत्र शेजारच्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

मे महिन्यात मला पुन्हा जनगणनेचं काम लागलं. निवृत्तीला आलेल्या बाईला उन्हात कशाला फिरवता म्हणून मी ऑफिसात जाऊन भांडले, कोणी दाद दिली नाही. वर गट मिळाला तो आमचीच गल्ली आणि मागचे दोन बोळ. २००१ साली हाच होता, २०११ सालीही हाच. मधली एक मोजणी कोरोनात गेली. आता कागद नाहीत, सगळं मोबाइलवर भरायचं. माझी बोटं भलतीकडे पडतात, म्हणून संध्याकाळी सम्मेद शेजारी बसायचा.

गल्ली तू आता ओळखणार नाहीस. नावं सांगत नाही, गुप्त ठेवायचा नियम आहे, घरं सांगते. पिठाची गिरणी होती तिथे चार मजले झाले. बारा फ्लॅट, त्यातल्या पाचांना कुलूप. मालक पुण्यात, एक जर्मनीत. कोपऱ्यावरच्या घरात एका खोलीत बिहारची नऊ पोरं राहतात, फौंड्रीत कामाला, पाळीपाळीने झोपतात. अख्ख्या गल्लीत मला पाणी विचारलं ते त्यांनी. माझ्या शाळेत पहिलीला यंदा अकरा मुलं, त्यातली सात घरी मराठी न बोलणारी. ती नसती तर वर्ग बंद झाला असता. दोन घरांत सुना लांबून आणल्या आहेत. एक ओडिशाची, तिची सासू तिच्याशी हातवारे करून बोलते आणि मला म्हणते, पोरगी गुणी आहे, उलट बोलत नाही.

यादीत एक प्रश्न होता, घरात विवाहित जोडपी किती. मागच्या बोळात एक म्हातारी आहे. तीन मुलगे, थोरला अडतीसचा, धाकटा एकतीसचा. तिला विचारलं.

"जोडपं?" ती म्हणाली. "म्हातारा जाऊन धा वर्सं झाली. न्हाय म्हणून लिवा."

मी शून्य भरलं. पुढचा प्रश्न, घरात मुख्य धान्य कोणतं.

"ज्वारीच की. पर भाकरी थापणारी मी एकटी हाय. मी गेल्यावर काय खात्यात ते तवाच येऊन इचारा."

मग तिने मला निरखून बघितलं. "बाई, मागं बी तुमीच आलतासा न्हवं? ही तिगं हितंच अंगणात खेळत हुती. तुमी लिवता लिवता म्हणालासा, तीन तीन वाघ हाईत, नशीब काढलंसा."

म्हणाले असेन. तेव्हा मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे. तिने ते पंचवीस वर्षं लक्षात ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली, चेष्टा केल्यासारखी. मला त्या घरातून लवकर उठावं लागलं.

जूनमध्ये गट संपला त्या संध्याकाळी मी जुनी वही काढली. मोजणी झाली की गोषवारा द्यायचा असतो, त्याच्या कच्च्या बेरजा मी वहीत ठेवते, तुला माझी सवय माहीत आहे. २००१ च्या पानावर लिहिलं होतं, सहा वर्षांपर्यंतचे मुलगे ४४, मुली ३३. सम्मेद बघत होता.

"ह्यात मी बी हाय का?"

आहेस म्हटलं, चव्वेचाळिसात. तेव्हा तीन वर्षांचा होतास.

त्याने आकड्यांवर बोट ठेवलं. "मग अकरा पोरी कमी हाईत की, आई. त्या कुठं गेल्या?"

मी म्हणाले, कुठे कमी कुठे जास्त, असं व्हायचंच. तो म्हणाला, "तू तर सांगतीस, आमची लग्नं पगारामुळं अडल्यात." तीन वर्षं झाली अक्का, त्याच्यासाठी बघतो आहोत. चौदा ठिकाणांहून नकार आला. मुलींच्या बापांना पुण्याची नोकरी हवी, आणि का नको? निवडायला ज्याच्याकडे आहे तो निवडणारच. मी दर वेळी पोराला पगाराचं कारण सांगत आले.

मग तो सहज म्हणाला, "मावशी म्हणती, मला बी बहीण व्हायची हुती. पडलं म्हणं."

इथपर्यंत लिहून मी दोनदा चहा करून आले. आता लिहिते.

माझं पडलं नव्हतं. मी पाडलं.

तुला मी सांगितलं होतं, मोजणीची पिशवी घेऊन जिना उतरताना पाय घसरला आणि पोटातली पोर गेली. कसला जिना आणि कसलं काय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सात घरं केली आणि दुपारी आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका दवाखान्यात गेलो. मुलगा की मुलगी ते बघायची तपासणी चार दिवस आधीच झाली होती. तिथे तोंडाने कोणी काही सांगत नसे. आधीच ठरलेलं, डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला तर मुलगी. त्यांनी पालथा ठेवला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

तुझ्या मनात लगेच आमच्या सासूबाई येतील. इतकी वर्षं मीही मनातल्या मनात त्यांच्यावरच ढकलत आले, मेल्या त्या म्हणून सोपं गेलं. पण त्या तेव्हा तुझ्याच बाजूच्या नदीकाठी, नृसिंहवाडीपलीकडे लेकीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. हे म्हणाले, तुझं काय म्हणणं आहे ते सांग. एवढंच विचारलं. आणि मी म्हणाले, नको.

कारण विचारशील. एक मुलगा होता, घराचं बांधकाम काढलं होतं, सगळ्याजणी तेच करत होत्या, हे सगळं खरं आहे आणि ते कारण नाही. कारण तू होतीस. मला दिवस गेलेत कळल्यावर तू एस.टी. धरून आलीस आणि माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, मुलगी झाली तर मला दे गं, मी वाढवते. तेरा वर्षं वाट बघून तुला झालं नव्हतं. मी हो म्हणाले. आणि रात्रंदिवस मला एकच दिसायला लागलं, माझ्या तोंडवळ्याची पोर तुझ्या पदराला धरून फिरते आहे आणि तुला आई म्हणते आहे. देणं होईना, आणि नाही म्हणायचं तोंड नव्हतं. ठेवून घ्यायची होती तर ठेवायची होती, कोण अडवणार होतं? पण मुलगी म्हटल्यावर तो विचारच माझ्या डोक्यात आला नाही. अक्का, हे मला आता कळतं. तुला द्यायची किंवा नाही, एवढंच मी मोजलं. मी, जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी बाई.

पाचव्या दिवशी उरलेली घरं करायला गेले. रजा मिळत नव्हती. एका घरात दोन महिन्यांची मुलगी होती, पाळण्यात. सगळ्यांची नावं लिहून झाली तरी तिचं कोणी सांगेना. मी विचारलं, तर तिची आई म्हणाली, "ही बी मोजायची व्हय?"

मोजायची, म्हटलं. आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या तेहतिसात ती आहे.

तू त्याच आठवड्यात आलीस, डिंकाचे लाडू घेऊन. आठ दिवस माझं डोकं-पाठ चोळलीस. शेवटच्या दिवशी मला झोप लागली असं समजून तू माझ्या उशाशी बसून रडलीस आणि म्हणालीस, मी मागितली म्हणून गेली, वांझेची नजर लागली. मी जागी होते. डोळे उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. गावी जाऊन तू देवळात नियम घेतलास, जन्मभर गूळ खायचा नाही. तुझ्या घरचं गुऱ्हाळ, दारात काहिल उकळते, आणि तू पंचवीस वर्षं गूळ जिभेला लावला नाहीस. दाजींना वाटायचं तू तब्येतीसाठी सोडलास. कशासाठी सोडलास ते फक्त मला माहीत होतं.

तुझी नजर लागली नव्हती. कोणाचीच लागली नव्हती. हे तुला कळावं म्हणून हे पत्र आहे, बाकी कशासाठी नाही. नियम मोडायचा की नाही ते तुझं तू बघ. मी सांगायची माझी लायकी नाही.

सम्मेदला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं. त्याने मोबाइल बंद केला.

"मावशीला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग ती हितं कुणाकडं ऱ्हायाला येणार हाय?" म्हणाला आणि उठला.

तेव्हापासून तो कामापुरतं बोलतो. स्थळं बघणाऱ्या बाईकडून आपले फोटो आणि माहितीचे कागद परत घेऊन आला. मी विचारलं तर म्हणाला, "बघू नको आता. कुणाची तरी पोरगी ह्या घरात कशाला आणायची?" हे आतल्या खोलीत ऐकत होते. बाहेर आले नाहीत. तो आम्हाला सोडून जाणार नाही, दोन वेळा जेवायला समोर बसतो, आणि तेच आम्हाला बघत बसायचं आहे. त्याने मला धमकी दिली नाही की मावशीला सांगीन म्हणून. न सांगता तू आली असतीस तरी तो गप्प राहिला असता. पण मग तुझ्या ताटात वाढताना मी रोज त्याच्याकडे बघितलं असतं.

तू आता येणार नाहीस हे मला समजतं. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं तर निदान सम्मेदला फोन कर, तो येईल. त्याचा यात काही दोष नाही. मला करू नकोस.

फेब्रुवारीत मोजणीचा दुसरा भाग आहे, माणसागणिक नाव लिहायचं. आमच्या घरात चौथं नाव तुझं लिहायचं मी मनात धरलं होतं. आता तीनच भरीन. तुझ्याकडे गावातली कोणी शिक्षिका येईल. ती प्रत्येक लग्न झालेल्या बाईला विचारते तसं तुला विचारेल, मुलं किती झाली. तू म्हणशील, एकही नाही, आणि ती शून्य लिहून पुढच्या घरी जाईल. ते शून्य तुझं नाही अक्का, ते मी लिहिलेलं आहे.

'तुझी' म्हणून सही करायला हात उचलत नाही.

रत्नमाला पार्श्वनाथ मगदूम