बोलणं एका जागेवरून येतं

बाबा, तुमचा रेडिओ अजून चालतो. पंपाच्या खोलीच्या दाराशी, त्याच खिळ्याला टांगलेला असतो. दोनदा डहाणूला नेऊन दुरुस्त करून आणला. दुसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "काका, फेकून द्या हा. मोबाईलमध्ये सगळं येतं." येतं खरं. सूनबाईनं माझ्या मोबाईलवरही रेडिओ लावून दिलाय. पण त्यातली माणसं दोन गाण्यांच्या मधे इतकी घाईनं आणि हसत बोलतात की त्यांचं बोलणंसुद्धा गाण्यासारखंच वाटतं. कोण बोललं, काय बोललं, काही ध्यानात राहत नाही. तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं. तुम्हाला बातम्या लागायच्या, हवामान, मच्छीमारांना इशारा, आणि दुपारी शेतीवरचं ते लांबलचक बोलणं. मला लागायची गाणी. वर्गात सगळ्यांनी मिळून एका चालीत कविता म्हणायची, तेव्हा छातीत जे काही भरून यायचं ना, ते पुढे मला गाण्यांतच सापडलं. तुम्ही म्हणायचात, "कवितेनं झाडाला चिकू लागतात का रे? लागत असतील तर दोन कविता त्या कोपऱ्यातल्या झाडाला म्हणून ये." आणि मी खरंच जाऊन म्हणून आलो होतो. तुम्ही हसला नाहीत. पण त्या झाडाकडे बघत थोडा वेळ उभे राहिलात, एवढं आठवतं.

मग तुमची नजर गेली. तरी जेवण झालं की तुम्ही वाडीत जायचातच. हातानं खोडं चाचपत, मोजत. चिकूची वाडी डोळसालासुद्धा फसवते, सगळ्या ओळी सारख्या आणि खाली सारखीच सावली. म्हणून तुम्ही पंपाच्या खोलीशी रेडिओ लावून ठेवायला लावलात आणि मला बजावलंत, "बोलणंच लाव. गाणं चहूकडून येतं. बोलणं एका जागेवरून येतं. मला परत फिरायला जागा लागते." मला ते गमतीचं वाटलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, आणि तरीही गंमत वाटली.

त्या दुपारी रेडिओवर कुणीतरी खताबद्दल बोलत होतं. भिंतीला टेकून मी जुनी एक कविता मनात घोळवत होतो आणि त्या माणसाचा आवाज मधे मधे येत होता. मी बटण फिरवलं. एवढंच. गाणी लागली, मी डोळे मिटले, आणि तुम्ही वाडीत आहात हे माझ्या मनातून पार निघून गेलं. दिवेलागणीला तुम्ही सापडलात ते अगदी पलीकडच्या टोकाला, एका झाडाच्या आळ्यात पाय मुरगळून बसलेले. हाका मारून घसा बसला होता. घरी आणल्यावर तुम्ही विचारलंत, "बोलणं का थांबलं रे?" मी म्हणालो, "सेल गेले." तुम्ही म्हणालात, "मग गाणं कुठून येत होतं?" मी म्हणालो, "शेजारच्या वाडीत लग्न असेल." तुम्ही मुरगळलेला पाय चोळलात. मग म्हणालात, "असेल." दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून चार नवे सेल मागवलेत आणि माझ्या हातावर ठेवलेत. त्यानंतर तुम्ही घरातल्या घरात एक पाय ओढत चालायचात, वाडीत काही गेला नाहीत. वर्ष पुरं व्हायच्या आत संपलंच सगळं.

आता माझ्या डोळ्यांपुढेही धुकं असतं. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, मी पुढे ढकलतो. दुपारी पंपाच्या खोलीशी बसतो, गाणी लावतो. पण आपल्याकडे गुजरातची स्टेशनं मधे घुसतात, तुम्हाला माहीतच आहे. यंदा दिवाळीनंतर एका दुपारी गाणं विरत गेलं आणि एक माणूस बोलायला लागला. सावकाश बोलत होता. गुजरातीत, बहुधा कापसाबद्दल. मी आळसानं तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं वाडीतून वाळल्या पाल्यावर पाऊल ऐकू आलं. एक पाऊल, मग काहीतरी फरफटल्यासारखं. पुन्हा एक पाऊल. मला वाटलं, गुरं शिरली. उठून पाहिलं तर ओळीत कुणी नाही. तेवढ्यात गाणं परत आलं, आणि पाऊल भलत्याच दिशेला वळलं. मग मी मुद्दाम करून पाहिलं. एकदा नाही, आठ-दहा दुपारी. बोलणं लावलं की ते जवळ येतं, गाणं लावलं की भरकटतं.

वेवजीहून ताई माहेरी आली होती, तिला मी काही सांगितलं नाही. ती शेंगा सोलत बसली होती आणि रेडिओवर बातम्या होत्या. तिचे हात थांबले. "भाई, कोण चालतंय?"

"कुणी नाही. पाला वाजतो."

"मला शिकवतोस? बाबा आहेत. शेवटी शेवटी पाय असाच ओढायचे." ती उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, जसा तुम्ही दारात आलात की घ्यायची. "एवढी वर्षं फिरतायत बिचारे. अरे, बोलणं लावून ठेव आणि बस इथे. येऊ दे त्यांना. आपल्याच माणसाला काय घाबरायचं? कविता म्हणणारा तू, आणि तोंड बघ कसं झालंय, भिजल्या मांजरासारखं!"

तिला ते गाण्याचं माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला होतं की नाही, हेच मला कळायला हवंय, आणि हेच मला कळायला नकोय.

ताई गेल्यावर तीन दुपारी मी बोलणं लावून बसलो. पहिल्या दिवशी पाऊल विहिरीपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या अलीकडे. परवा ते अगदी पहिल्या ओळीत आलं, माझ्यापासून दोन झाडांच्या अंतरावर, आणि थांबलं. धुक्यात मला खोड दिसत होतं आणि खोडावर, छातीच्या उंचीला, काहीतरी फिकट. चाचपणारा हात असतो तेवढं. रेडिओवरची बाई उद्याचं हवामान सांगत होती. आता फक्त तिनं बोलत राहायला हवं होतं आणि मी बसून राहायला हवं होतं.

मी बटण फिरवलं, बाबा. दुसऱ्यांदा. गाणं कुठलं लागलं ते आठवत नाही. तुम्ही थोडे घोटाळलात, मग पाला वाजत वाजत समुद्राच्या बाजूला गेला. तो ऐकू येईनासा झाला तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

शाळेपासून मला लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायची सवय आहे, तुम्ही त्यावर रागवायचात. पण आज या वाडीत बसून, एका जागेवरून, मी हे मोठ्यानं म्हटलं तर तुम्ही सरळ माझ्यापर्यंत याल. म्हणून सगळं पत्र ओठ घट्ट मिटून लिहिलंय.