दार उघडं होतं

वरचं गाव, कार्पाथोस बेट
८ नोव्हेंबर १९८६

चिरंजीव मिनास,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, शेळ्या त्याहून जास्त. ऑलिव्ह यंदा बेताचेच. शेजारची सोफिल्ला रोज ताटलीत काहीतरी आणते आणि मी खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहते.

तुझ्या संगीताच्या शाळेचं वाचलं. बंदरावर दुमजली इमारत, दारावर माझं नाव, उद्घाटनाला मी पहिल्या खुर्चीत. शिवाय लिरा घेऊन यावं आणि मुलांना एखादी चाल वाजवून दाखवावी. सोफिल्लाला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "जा की, भाऊ! दाढी करा आणि जा. नाहीतरी इथे भिंतींशीच बोलत बसता."

मी येणार नाही. दुखवट्याचं वर्ष आहे, दाढी करता येत नाही, असं लिहिलं असतं तर तू मानलं असतंस. पण ते खरं कारण नाही.

जुलैअखेर माझी कालित्सा गेली. तू पहिल्या जहाजाने आलास, खांदा दिलास, रडलास. ते मी विसरलेलो नाही. मग एकोणीस दिवसांनी देवमातेचा सण आला.

तुला अनेझिनाचं दार आठवतं? तू नुकताच सैन्यातून परतला होतास, माझ्या मागे उभा होतास. तिचा नवरा बुडून महिनाही झाला नव्हता आणि सण येऊन ठेपला होता. मी टोपी काढून विचारलं, "वहिनी, वाजवू का?" ती म्हणाली, "वाजवा. पण त्याची आवडती चाल नको." परतताना तू म्हणालास, "मास्तर, नाही म्हणाली असती तर?" मी म्हणालो, "तर लिरा पिशवीतच. गावाने जेवायचं आणि मुकाट घरी जायचं."

सणाच्या दुपारी मी दार उघडं ठेवलं. दोन खुर्च्या मांडल्या, कॉफीचं भांडं भरून ठेवलं. माझी लिरा फडक्यातून काढून टेबलावर ठेवली, नव्या तारा चढवून. ती तुला द्यायचं आमचं ठरलं होतं. शेवटच्या आठवड्यात कालित्सा म्हणाली होती, "माझ्यापायी गावाचा सण बुडवू नका. मिनास विचारायला येईल, त्याला म्हणावं, खुशाल वाजव. आणि लिराही देऊन टाका त्याला. तुमच्या हातात गज थरथरतो आता." ती बोलायची अशीच, तोंडावर.

तू आला नाहीस. चर्चच्या अंगणातून सरळ तुझी लिराच ऐकू आली, गजाला बांधलेल्या घुंगरांसकट.

"तुमच्या दुःखात आणखी त्रास नको म्हणून आलो नाही," असं तू लिहितोस. वा रे शहाण्या! सणाचं चित्रण करायला आलेल्या टीव्हीवाल्यांना उशीर होत होता, हे पापा-लेफ्तेरिसने मला केव्हाच सांगितलं. पाद्री असून त्याच्या पोटात काही राहत नाही.

आता पुढचं मी त्यालाही सांगितलेलं नाही, कबुलीच्या वेळीसुद्धा. तू छान वाजवलंस. आमच्या लग्नात मी कालित्सासाठी बांधलेली चाल घेतलीस. तिच्यातलं ते वळण मी तुला मुद्दाम कधी शिकवलं नव्हतं. तू ते कधी उचललंस कोण जाणे, पण अगदी जागेवर आलं. आणि माझा पाय हलला. बायको जाऊन एकोणीस दिवस, दाढी वाढलेली, आणि हा म्हातारा खुर्चीत बसून पायाने ताल धरतोय! मला माझी किळस आली. उठून खिडकी लावली.

तुझा राग आहेच, पण त्या पायाचा जास्त आहे. तू विचारलं असतंस, तर तोच पाय कालित्साच्या परवानगीने हलला असता. तिच्या चालीवर एकदा निर्धास्त रडलो असतो. तेवढं तू माझ्याकडून काढून घेतलंस, आणि ते आता शाळा बांधून परत येत नाही.

नाव दे किंवा देऊ नकोस. मुलांना चाली शिकव, तू चांगलाच शिकवशील. जमलं तर दार वाजवायलाही शिकव. ते वेगळं शिकवावं लागतं हे मला कळलं नाही, ही माझी चूक. लिरा भिंतीवर आहे, तारा सैल करून.

आणखी एक. माझी वेळ येईल तेव्हा सण तोंडावर असला, तर विचारायला येऊ नकोस. दार उघडायला कोणी नसेल. म्हणून कालित्साचा निरोप, तीन महिने उशिरा, इथेच देऊन ठेवतो: खुशाल वाजव.

आता वाट न पाहणारा,
तुझा मास्तर
याकुमिस