झोक्याचं चित्र

डुलूथ, ४ मे १९९८

चि. आयरीन,
अ. आ. आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाखाली दबलेत.

तुझं पत्र वाचताना कॉफी निवून गेली. तुझ्या नातवाला, एमेटला, बोलता येत नाही. झोका हवा असला की जमिनीवर डोकं आपटण्याऐवजी झोक्याचं चित्र तुझ्या हातात द्यायचं, हे शिकायला त्या सहा वर्षांच्या पोराला सबंध हिवाळा लागला. आणि आता त्याला शिकवणारी केंड्रा म्हणते, दर वेळी झोका देऊ नका, अधूनमधूनच द्या? बक्षीस विरळ करायचंच असतं. अशा मुलांना शिकवण्याचंच काम मी जन्मभर केलं. पण सवय मुरल्यावर, हळूहळू. इथे ती अजून रुजलीही नव्हती!

आणि पत्राच्या तळाशी तू सहज लिहितेस की, तो स्वतःचा हात चावायला लागला की 'कधीकधी' तुला राहवत नाही आणि तू त्याला झोक्यावर बसवतेस. अगं, कॅसिनोतल्या यंत्रापुढे म्हातारे दिवसभर का बसतात? कधीकधी मिळतं म्हणून. चित्र देऊन झोका मिळेना, चावून मिळू लागला. पोरगं हुशार आहे. जे चालतं ते त्यानं धरलं. मूर्ख तुम्ही दोघी. केंड्राला हे वाचून दाखव.

लोभ असावा, राग त्यातच धर.
व्हर्ना

फार्गो, ९ मे

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे, पण मान ताठ ठेवून.

वाचून दाखवलं, 'मूर्ख'सुद्धा गाळलं नाही. केंड्रा रडवेली झाली. म्हणाली, योजना वरिष्ठांची आहे आणि त्यांनी एमेटला पाहिलेलंही नाही. सप्टेंबरात शाळेला वाट पाहणारं मूल हवंय, नाहीतर घेणार नाहीत.

तुझं काय जातं गं लिहायला? दुकानाच्या रांगेत तो मनगटातून रक्त काढतो तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. आणि कॅसिनोचं म्हणशील, तर मी दर रविवारी तुला लिहिते, तू मनात आलं तर उत्तर देतेस. तरी माझी खोड सुटत नाही. कुणी लावली?

नाताळात तू येऊन गेलीस तेव्हापासून एमेट पाहुण्यांची खोली उघडून बघतो. म्हणून तुझ्या फोटोचंही एक चित्र करणार होते. पण काल त्यानं झोक्याचं चित्र कचऱ्यात टाकलं. पुसून दाराला लावलं, तर तो बघतही नाही. ताई, तो मागायचंच सोडतोय. हवं तेवढं रागाव, पण काय करू ते सांग.

लोभाचं नंतर बघू, आधी उत्तर पाठव.
आयरीन

डुलूथ, १२ मे

चि. आयरीन,
अ. आ., या खेपेला वरच्या बाजूला.

टोमणा पोचला.

आजपासून चित्र हातात पडलं की झोका. दर वेळी. पाऊस असो, ओव्हनमध्ये काही करपत असो, पाद्रीबाबा घरी बसलेले असोत. तो आपणहून देत नसेल तर केंड्रानं मागून हात धरून द्यायला लावावं. चावला तर जखम धू, पट्टी बांध; झोका नाही. आधी तो जास्तच चावेल. तेव्हा विरघळलीस तर सगळं पाण्यात. वाट पाहणं मागाहून शिकवू: 'थांब' म्हणायचं, क्षणभरच, मग झोका नक्की द्यायचा. मागणाऱ्याकडे पाठ फिरवणं म्हणजे वाट पाहायला शिकवणं नव्हे. हे त्या वरिष्ठांना मी वेगळं लिहिलंय, त्यांना झोंबेल.

माझ्या फोटोचं चित्र इतक्यात करू नकोस. ते त्यानं दिलं की मी दिसलेच पाहिजे, कधीकधी नव्हे. शुक्रवारच्या बसनं येते. ती खोली रिकामी कर, मग चित्र कर.

बाकी लोभ समक्ष. हिवाळ्याचा कोटही बांधून घेतलाय.
व्हर्ना