मुंग्या लागलेला पूल

॥ श्री ॥
सांगली, १० जानेवारी १९४६

चि. सौ. अनसूयेस अण्णाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. स्टेशनमास्तरकी सुटली तरी रूळ सुटत नाहीत, असं तुझी वहिनी म्हणते. कारण परसात मी चावीच्या आगगाडीसाठी रूळ टाकले आहेत. निमित्त नातवंडांचं, हौस माझी.

गाडी केळीखालच्या पाटाशी येऊन अडते. तिथे कमानीचा पूल हवा. लाकूड पाण्यात कुजतं, दगड इतका बारीक घडत नाही. तेव्हा काँक्रीटच ओतायचं ठरवलं आहे. वीतभर साच्यात खडी कसली मावते? म्हणून कृष्णेची वाळू वहिनीच्या पिठाच्या चाळणीने चाळली आणि बोलणी खाल्ली.

घोडं अडलं आहे सिमेंटापाशी. परमिटाशिवाय ते मिळत नाही. तुमच्या हौदाचं थोडं उरलं असेल तर विष्णुपंतांना विचार. कालवण्याची काळजी नको. बाबा चुन्यात गुळाचं पाणी घालायचे, त्यांच्या विहिरीचा चिरा अजून हललेला नाही. मीही तसंच करणार. नवा गूळ घरात आलाच आहे.

मुलांना पापे. ओढ अशीच राहू दे.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥
सातारा, ८ फेब्रुवारी १९४६

ती. अण्णांस अनसूयेचा शि. सा. न. वि. वि.

न्हाणीची फरशी पुढे ढकलून इकडून तुला सिमेंट पाठवणं झालं. त्याचं काय झालं, ते तू कळवलं नाहीस. तुझ्या व्याह्यांनीच इथे येऊन सांगितलं. पूल पाहायला सगळी आळी जमली होती म्हणे. गाडी कमानीवर आली, कमान भुग्यासारखी खाली बसली आणि इंजिन चिखलात गेलं. लोक हसले, तेव्हा तू म्हणालास की मेहुण्यांनी सिमेंट म्हणून चुलीतली राख धाडली.

अण्णा, तुझी थट्टा साताऱ्यात पोचली आहे. शाळेतले इतर मास्तर भांडी घासायला राख मागतात. इकडून राजवाड्याकडे संध्याकाळी फिरायला जाणं बंद झालं. रागावणं झालं असतं तर बरं होतं. पण इकडे लाज वाटते आहे, आणि ज्याला वाटायला हवी त्याला ती नाही. मला तर माहेरचं नाव काढायची चोरी झाली आहे.

वहिनीस नमस्कार. बाकी काय लिहू?

तुझी,
अनसूया

॥ श्री ॥
सातारा, ९ फेब्रुवारी १९४६

ती. अण्णांस विष्णुपंताचा कृ. सा. न. वि. वि.

सौ. ने रागाने काही लिहिलं असेल तर मनावर घेऊ नये. सिमेंट मी दमट कोपऱ्यात ठेवलं होतं. उरलेलं ओढ्यात टाकून दिलं, आणखी कुणाची फसवणूक नको.

माझ्या हलगर्जीपणामुळे आपल्याला चारचौघांत खाली मान घालावी लागली, याची फार लाज वाटते. आपल्या माणसाने विश्वासाने दिलेल्या गोष्टीचा असा शेवट व्हायला नको होता. मोठ्या मनाने क्षमा करावी.

आपला नम्र,
विष्णुपंत

॥ श्री ॥
सांगली, १७ फेब्रुवारी १९४६

रा. रा. विष्णुपंत यांस अनंताचा कृ. सा. न. वि. वि.

आपलं पत्र आलं त्या दिवशी सौ. गोदावरी परसात गेली होती. पुलाच्या तुकड्यांना मुंग्या लागल्या होत्या. काँक्रीटला मुंग्या लागलेल्या आजवर कुणी पाहिल्या नाहीत, असं म्हणून ती हसत सुटली. मला मात्र गूळ आठवला.

पोत्याच्या तळाशी थोडं सिमेंट होतं. त्याच्या दोन विटा पाडल्या, एक बाबांच्या रीतीने गुळाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. गुळाची आज नखाने उकरते. साधी हातोडीला दाद देत नाही. चुन्याला जो गूळ मानवतो तोच सिमेंटाचा घात करतो, हे मला या वयात कळलं. तुमचं सिमेंट चोख होतं. ते तुम्ही माझ्या बोलण्यापायी ओढ्यात टाकलंत, हे वाचून जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी त्याच सगळ्यांना पुन्हा बोलावलं आहे, व्याह्यांनाही. दोन्ही विटा मधे ठेवून खरं काय ते सांगणार आहे. नंतर साताऱ्याला येऊन तुमच्या शाळेतही सांगेन. लोक मला गूळमास्तर म्हणतील. म्हणू देत.

तुमचं पत्र सोबत परत पाठवत आहे. शेवटच्या ओळी बरोबर आहेत. खालची सही तेवढी चुकीची पडली होती, ती खोडून माझी केली आहे.

लोभ मागायला तोंड नाही. शिल्लक असेल तेवढा ठेवावा.

आपला,
अनंत