जावेने निवडलेल्या शब्दांबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
भाषांतर विभाग,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय: वरिष्ठ भाषांतरकार पदावर अर्जदाराच्या धाकट्या जावेची झालेली निवड रद्द करणेबाबत.

संदर्भ: काल चहाच्या वेळी आपण सर्वांसमोर, तेही मोठ्याने, वाचून दाखवलेले मुख्य कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार या विभागात भाषांतरकार असून शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ बसते. जावेला ही नोकरी अर्जदारानेच सुचवली आणि हाताला धरून काम शिकवले, हे आपण जाणताच. आपले मराठीतील वार्षिक शेरे इंग्रजीत करून मुख्य कार्यालयाकडे जातात. स्वतःचा अहवाल स्वतः करायचा नाही, या रीतीप्रमाणे जावेचा अहवाल अर्जदार करते आणि अर्जदाराचा जाऊ.

२. यंदा आपणांस घाई असावी. दोघींसाठी आपण तेच तीन शेरे लिहिलेत: खर्चात हात आखडता, आपले म्हणणे सोडत नाही, चौकशी फार करते. अर्जदाराने जावेसाठी स्टिंजी, ऑब्स्टिनेट आणि नोझी असे लिहिले. म्हणजे चिक्कू, हट्टी आणि नको तिथे नाक खुपसणारी. तिन्ही शब्द शब्दकोशात आहेत. ते तिला किती चपखल बसतात, हे तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाला विचारावे. जावेने मात्र अर्जदारासाठी थ्रिफ्टी, फर्म आणि क्युरियस लिहून टाकले. म्हणजे काटकसरी, ठाम आणि जिज्ञासू.

३. मुख्य कार्यालयात मराठी वाचणारे जे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मूळ शेरे आणि दोन्ही भाषांतरे शेजारी ठेवून वाचली. एक वाचून त्या बाईंना भेटावेसे वाटते, दुसरे वाचून दाराला आतून कडी लावावीशी वाटते, असे त्यांनी कळवले. शब्दाचा सूर जिला कळतो तिलाच वरिष्ठ करावे, असेही सुचवले. म्हणजे गुणगान अर्जदाराचे आणि बढती जावेची! हा कुठला न्याय, ते अर्जदारास कळत नाही.

४. घरी सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. तरी "धाकटीचं मन मोठं हो," असे म्हणून त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. जाऊ भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, मला तुम्ही तशाच वाटता, म्हणून लिहिलं. माणूस डोळ्यांपुढे आणून शब्द निवडायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?" तिने निदान एखादा टोमणा मारला असता, तर कडाडून भांडता आले असते. तीही सोय तिने ठेवली नाही.

५. अर्जदाराचा जळफळाट झाला आहे, हे लेखी देण्यास हरकत नाही. यास इंग्रजीत जेलस म्हणावे की एन्व्हियस, यावर अर्जदाराने बराच विचार केला. आपले हातचे जाईल अशी धास्ती असली तर पहिला शब्द, दुसऱ्याचे आपल्याला हवे असले तर दुसरा. अर्जदारास दोन्ही झाले आहे.

६. तरी सदर निवड रद्द व्हावी. ते शक्य नसल्यास दोघींची परीक्षा घ्यावी. तेही शक्य नसल्यास वरिष्ठ पदच काढून टाकावे. या विभागात त्यावाचून कुणाचे अडलेले नाही.

७. जाऊ आता वरच्या मजल्यावर बसेल आणि अर्जदाराचा अहवाल कोपऱ्यातल्या टेबलावरील गृहस्थांकडे जाईल, असे कानावर आले आहे. वरीलपैकी काहीच मान्य करता येत नसेल, तर एवढे तरी करावे. अर्जदाराचा अहवाल यापुढेही जावेकडेच द्यावा. अर्जदाराविषयी इतके चांगले आजवर कोणी लिहिलेले नाही. घरच्यांनी नाही आणि आपणही नाही.

आपली नम्र, पण समजूत न पटलेली,

(सही)
अर्जदार, भाषांतरकार
दिनांक: पत्रवाचनाच्या दुसऱ्या दिवशी

सोबत: जावेच्या अहवालाचे सुधारित इंग्रजी भाषांतर. अर्जदाराने आज सकाळी केलेले. जावेस दाखवू नये.