सर आणि सरी

बंगळूर,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

सुधींद्र,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दामच लिहिलेलं नाही.

तुझं लग्न ठरलं. रविवारी गांधी बाजारात वसुमती अक्का भेटली, तिनेच सांगितलं. तुझी बहीण अजून माझ्याशी बोलते. म्हणाली, "मल्लेश्वरमची मुलगी, शुभदा. स्वल्प सावळी आहे, पण काय हुशार रे! येत्या रविवारी साखरपुडा."

मी बरा आहे. नोकरी कायम झाली. आईला बेळगावहून आणलंय. घरमालकिणीशी तिचं कन्नडात चांगलं जमलंय.

तुमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने आलो तेव्हा आपण दोघंही एकोणीस वर्षांचे. लालबागेत तळ्याकाठी बसायचो. तुझा हात हातात असला की मला तेवढं पुरायचं. तुला नाही. "मठातला स्वामी आहेस का रे तू?" म्हणायचास. मी हसायचो, कारण तू रुसलास की मला जेवण जायचं नाही.

मग ती दुपार. घरात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सर." दोनदा म्हणालो. तू सरला नाहीस. नंतर तू म्हणालास, "तूच तर सरी म्हणालास! कन्नडात सरी म्हणजे चालेल."

चार वर्षं मी स्वतःला विचारलं, खरंच तसं ऐकू आलं असेल का? तुमच्या घरात निम्मं कन्नड. पण सुधी, जेवायला बसताना मी रोज तुला "सर जरा" म्हणायचो, आणि रोज तू पाट घेऊन बाजूला व्हायचास.

आठवडाभर मी बोललो नाही, तेव्हा तू घाबरलास. तुझ्या वडिलांना, आप्पाजींना, सांगितलंस की उमाकांतची नजर चांगली नाही. त्यांनी माझी ट्रंक अंगणात काढून ठेवली. तू वर गॅलरीत केस विंचरत होतास.

शुभदाचे वडील व्यंकोजीराव आमचे हेडक्लार्क आहेत, हे तुला ठाऊक नसावं. काल टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "एका घरात राहिलात तुम्ही. मुलगा कसा आहे? लपवू नका हं."

असं कुणीतरी विचारावं म्हणून मी किती वाट पाहिली! तुझी दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

आपलं प्रेम होतं हे मी सांगणार नाही. ते माझंही होतं. तुझा सूड घ्यायला मी ते वापरणार नाही. मी एवढंच सांगेन, की या मुलाला नको म्हटलं तर तो थांबत नाही, आणि वर तुम्हीच हो म्हणालात म्हणतो. ते मुलीसमोरच सांगेन.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलंय. हे पत्र तुला परवापर्यंत मिळेल. तोवर तू स्वतः जाऊन त्यांना काय ते सांगू शकतोस. तू जाणार नाहीस. मी पाचची बस धरणार आहे.

तुला नीट ऐकू आला होता, तो
उमाकांत